पिशवीतली शेवटची चिठ्ठी

व्हर्ना टॉलेफ्सनला आमच्या काउंटीत सगळे ओळखतात ते तिच्या कॉफीच्या रिकाम्या डब्यामुळे. चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर कॉफी कोणी करायची आणि कप कोणी विसळायचे यावरून बायकांची जी धुसफूस चालायची, ती तिनं पंचवीस वर्षांपूर्वी एका दिवसात मिटवली. डब्यात सगळ्या घरांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, दर आठवड्याला दोन काढायच्या आणि काढलेली चिठ्ठी परत आत टाकायची नाही. डबा रिकामा झाला म्हणजे सगळ्यांची पाळी झाली, मग पुन्हा पहिल्यापासून. पाळकाच्या बायकोचीही त्यातून सुटका नव्हती. "वशिला देवाकडे चालेल एक वेळ, व्हर्नाच्या डब्याकडे नाही," असं ऑरिन स्लेटन म्हणायचा, आणि त्याचीच चिठ्ठी नेमकी ईस्टरला निघायची.

ती एकसष्ट वर्षांची. अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्याच्या पश्चिम टोकाला, टेकड्यांमधल्या एका गोठेवाल्याच्या घरी चार बहिणींत तिसरी म्हणून जन्मली. डोकं आकड्यांचं. कॉलेजात गणित घेतलं, मग वडिलांनी गाई विकल्या तशी ती घरी परतली आणि चीजच्या कारखान्यात दुधातली चरबी मोजायला लागली. तिथून काउंटीच्या आरोग्य खात्यात. बेचाळिसाव्या वर्षी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडून, रोज कामावर जायच्या आधी दोन तास बसून, ती संख्याशास्त्राचं प्रोग्रॅमिंग स्वतःच्या स्वतः शिकली. लग्न तिनं केलं नाही. धाकटी बहीण मॅरिट कॅन्सरनं गेली तेव्हा तिची नऊ वर्षांची मुलगी सिग्ने व्हर्नाकडे आली आणि लग्न होईपर्यंत तिथेच राहिली. त्या घरात भांडी कोणी घासायची हेसुद्धा चिठ्ठीवरच ठरे. दोनच माणसं असली म्हणून काय झालं.

स्वभाव म्हणाल तर खरी, कामसू आणि थोडी तिखट. कोणी चूक काढली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. "तपासून सांग," एवढंच म्हणायची, आणि समोरचा तपासायला गेला की बहुतेक वेळा तोच तोंडावर पडायचा. असं वीस वर्षं होत राहिलं तर माणसाला आपण चुकत नाही असं वाटू लागतं. व्हर्नालाही ते वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाही.

आमच्याकडची जमीन चुनखडीची, आतून भेगाळलेली. शेतावर जे टाकाल ते खाली उतरतं आणि बोअरच्या पाण्यात येतं. मार्चअखेर बर्फ वितळायला लागलं की शेणखताच्या टाक्या घेऊन ट्रॅक्टर निघतात, आणि त्यातलं नायट्रेट पाण्यात येतं. त्याला ना वास, ना चव. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ पावडरचं दूध त्या पाण्यात कालवून पीत असेल, तर त्याचं रक्त अंगभर प्राणवायू पोचवेनासं होतं. आधी ओठ आणि नखं राखाडी पडतात, मग निळी. बाळ झोपाळू होतं, दूध सोडतं, आणि घरच्यांना वाटतं बरं झालं, आज रडत नाही. पाणी उकळल्यानं तर आणखी वाईट होतं, कारण पाण्याची वाफ होऊन जाते आणि नायट्रेट भांड्यात राहतं. कचेरीत अशा एका बाळाची फार जुनी फाईल आहे. ती व्हर्नानं नोकरीच्या पहिल्या वर्षी टाइप केली होती.

म्हणून चौदा महिन्यांपूर्वी खात्यानं सहाशे चाळीस बोअर तपासायचं काम काढलं आणि चिठ्ठ्या काढायचं काम अर्थातच व्हर्नाकडे आलं. तिनं काउंटीचे एक्केचाळीस भाग पाडले. दर महिन्याला प्रोग्रॅमनं प्रत्येक भागातून एक बोअर काढायचं. जे निघालं ते त्या भागाच्या पिशवीतून बाहेर, पुढच्या महिन्यात उरलेल्यांतून. चौदा बोअरांचा भाग चौदा महिन्यांत संपणार. तिच्या कॉफीच्या डब्याचंच हे मोठं रूप होतं. नमुने आणायला ऑरिन होता. पूर्वी दुधाचा टँकर चालवायचा, आता निवृत्त. तो अंगणातल्या नळाचं पाणी बाटलीत घ्यायचा, घरात जायचा नाही, घरी कोणी नसलं तरी त्याचं काम अडत नसे. पाणी वाईट निघालं तर त्या घराला लाल कागदावर पत्र जाई. भाग पूर्ण झाला की तिथल्या सगळ्या घरांना पांढरं पत्र जाई: आपल्या भागातील सर्व बोअरची तपासणी पूर्ण झाली आहे. आपणांस लाल पत्र आलं नसल्यास काळजीचं कारण नाही. खाली व्हर्नाची सही.

सिग्नेच्या भागाला ते पांढरं पत्र नोव्हेंबरात गेलं. तेव्हा तिला सातवा महिना होता. तिनं फोन केला.

"मावशी, पत्र आलं. पण आमच्याकडे कोणी आलेलं दिसलं नाही गं."

"ऑरिन बाहेरूनच घेतो पाणी. तू कामावर असशील."

"असेन. पण आमच्या बोअरचं पाणी कसं आहे?"

"यादी पूर्ण झालीय, सिग्ने. एकही सुटलेलं नाही. मी स्वतः बघितलंय. बिनधास्त वापर."

"बरं," सिग्ने म्हणाली, आणि मग दोघी पाळण्याच्या रंगावर बोलत बसल्या. जानेवारीत मुलगा झाला. त्याचं नाव एमेट ठेवलं. सिग्नेला दूध कमी, त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून बाळ पावडरच्या दुधावर.

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला ऑरिन चिखलाचे बूट आपटत कचेरीत आला आणि बाटल्यांचं खोकं त्यानं व्हर्नाच्या टेबलावर ठेवलं.

"व्हर्ना, आज पुन्हा हॅन्सबर्ग बाईकडे धाडलंस मला. तिसऱ्यांदा."

"पडताळणीत असेल," व्हर्ना मान वर न करता म्हणाली. दर महिन्याला थोडी घरं खात्री करायला दुसऱ्यांदा तपासत, ती यादी वेगळी.

"पडताळणीला गेल्या वर्षी जाऊन आलो. या महिन्याची पडताळणीची यादी माझ्या गाडीत चिकटवलेली आहे, तिच्यात ती बाई नाही. मला म्हणाली, ऑरिन, तुझ्या मनात काही असेल तर सरळ बोल, मी विधवा आहे, आंधळी नाही. वर सफरचंदाचा केक बांधून दिला."

"मग तक्रार कसली करतोस?"

"केकची नाही करत. पण काढलेली चिठ्ठी परत टाकत नाही म्हणतेस ना तू? मग ही बाई डब्यात परत आली कशी?"

व्हर्नाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "तुझं घर चुकलं असेल. बस इथं. दाखवते तुला."

त्याला तोंडावर पाडायलाच तिनं फाईल उघडली, हे मुद्दाम सांगायला हवं. नाहीतर ती कदाचित उघडलीच नसती.

हॅन्सबर्ग बाईचं बोअर दोनशे पासष्ट नंबरचं, भाग एकोणतिसातलं. या महिन्यात ते निघालं होतं भाग चारमधून. भाग चारमध्ये ते असायचं कारणच नव्हतं. व्हर्नानं चष्मा पुसला. भाग चारमध्ये चौदा बोअर, आणि ही चौदावी, शेवटची चिठ्ठी. म्हणजे पिशवीत एकच बोअर उरलं होतं. तीनशे सत्त्याहत्तर.

तिनं प्रोग्रॅमला तो एकच आकडा दिला आणि यातली एक चिठ्ठी काढ म्हणून सांगितलं. एकच चिठ्ठी असताना दुसरं काय निघणार? निघाला एकशे चार. तिनं पुन्हा काढायला लावलं. दोनशे एकोणनव्वद. पुन्हा. छत्तीस.

"काय गं?" ऑरिन म्हणाला. तिचे हात टेबलावर पडले होते.

प्रोग्रॅममधलं चिठ्ठी काढायचं ते हत्यारच तसं आहे. त्याला पुष्कळ आकडे दिले तर ते त्यांतला एक उचलतं. एकटाच आकडा दिला तर त्याला वाटतं, एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्या चिठ्ठ्या करून हव्यात, आणि मग ते त्या ढिगातून एक काढतं. कुरकुरत नाही, लाल अक्षरं दाखवत नाही, थांबत नाही. या धंद्यातल्या माणसांना ही खोड माहीत असते. व्हर्नालाही माहीत होती, उन्हाळ्यात शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरींना तिनं ती स्वतः सांगितली होती. पण हा प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक पिशवीत भरपूर चिठ्ठ्या होत्या. काढलेली परत टाकायची नाही म्हटल्यावर प्रत्येक पिशवी एक दिवस एकाच चिठ्ठीवर येणार, हे जिनं आयुष्यभर डबा चालवला तिच्याच लक्षात आलं नाही. भाग पूर्ण झाला का हे ती कसं बघायची? चौदा बोअर, चौदा चिठ्ठ्या. संख्या जुळली की झालं. नावं तिनं पडताळलीच नव्हती.

म्हणजे जो जो भाग पूर्ण झाला, त्यातलं शेवटचं घर सुटलं होतं. दर वेळी, न चुकता, शेवटचंच.

आजचा सोडून आधी पूर्ण झालेले भाग सहा. व्हर्नानं प्रत्येकात उरलेला नंबर काढायला घेतला. बावन्न. एकशे तेहेतीस. एकशे नव्वद. भाग सतराशी येऊन ती थांबली. सिग्नेचा भाग सतरा. त्यात दहा घरं आहेत, दहांतलं एक, तिचंच कशाला असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. मग तिनं बटण दाबलं आणि पडद्यावर चारशे अठरा आलं.

नंबर कोणाचा हे शोधायची गरज नव्हती. तो तिला तोंडपाठ होता.

"ऑरिन," ती म्हणाली, "सिग्नेच्या घरी तू कधी गेला होतास?"

"पाण्याला? कधीच नाही. मला वाटलं, नातेवाईक म्हणून तू वगळलंस."

तिनं फोन उचलला. सिग्नेचा मोबाइल लागेना. तिचं घर दोन टेकड्यांच्या बेचक्यात आहे, तिथे तो निम्म्या वेळा लागत नाही. घरचा फोन तिच्या नवऱ्यानं, टोबिननं घेतला. तो रात्रपाळी करून आला होता, आवाज झोपेतला.

"बाळ कसं आहे?" व्हर्नानं विचारलं.

"झोपलंय. कालपासून जरा मलूलच आहे. दूध पण कमी घेतलंय. का गं मावशी?"

"दूध कुठल्या पाण्यात करता?"

"उकळलेल्या. सिग्ने उकळल्याशिवाय थेंब देत नाही त्याला. तू उगाच—" आणि फोनमध्ये खरखर झाली, आणि मग काहीच नाही. तिनं पुन्हा लावला तर एंगेज.

उकळलेल्या. व्हर्नानं उरलेल्या दोन भागांचे नंबर काढले, सातही घरांचे पत्ते कागदावर उतरवले आणि ती उठली. ती जुनी फाईल तिला शब्दनशब्द आठवत होती: कालपासून मलूल, दूध कमी. हे शब्द त्यात होते. आईनं सांगितलेले, व्हर्नानं टाइप केलेले.

ती खात्याचा प्रमुख लेनर्ड व्हिटॉक याच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लेनर्ड वाईट माणूस नाही, पण त्याला कागदाशिवाय सुचत नाही.

"एक मिनिट, व्हर्ना. आधी वकिलांना विचारू. दुपारी चारपर्यंत सातही घरांना पत्र काढतो."

"पत्र परवा पोचेल."

"फोन करू मग. पण काय बोलायचं ते आधी ठरवू दे. लोक घाबरतील."

"मी घाबरलेय ना," व्हर्ना म्हणाली. "त्यांनीही घाबरलेलं बरं." आणि तिथून निघाली. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली बाई प्रमुखाला असं बोलते हे कचेरीत कोणी पाहिलं नव्हतं. तिनं स्वतःही नंतर ते आठवलं तेव्हा तिला खरं वाटेना.

ऑरिनच्या गाडीतून तिनं तपासायच्या पट्ट्यांची डबी घेतली. ही कागदी पट्टी पाण्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचं. पांढरी राहिली तर ठीक. फिकी गुलाबी झाली तर विचार करायचा. गडद झाली तर ते पाणी बाळाच्या तोंडात जाता कामा नये.

सिग्नेचं घर बावीस मैलांवर. रस्त्यावर ट्रॅक्टरांचा चिखल, मध्ये खताची टाकी ओढत चाललेला एक म्हातारा, त्याला ओलांडायला जागा नाही. एरवी व्हर्नानं त्याला हात केला असता. आज ती स्टिअरिंगवर मूठ आपटत त्याच्यामागे चार मैल गेली, आणि टाकीच्या नळीतून गळणारं ते काळं पाणी बघत राहिली. एवढी भीती तिला मॅरिटच्या आजारपणातही वाटली नव्हती. तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं, आणि चूक कोणाचीच नव्हती. आता मॅरिटच्याच लेकीला तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, बिनधास्त वापर. मी स्वतः बघितलंय. ते वाक्य पुन्हा पुन्हा तिच्या कानात येत होतं. आपण काय बघितलं होतं? दहा या आकड्याला दहा हा आकडा जुळला, एवढंच.

नऊ वर्षांची सिग्ने पहिल्या दिवशी घरात आली तेव्हा तिनं विचारलं होतं, मावशी, तू पण मरणार का? व्हर्ना म्हणाली होती, एक दिवस मरेन, पण तोवर तुझं सगळं नीट बघेन. गाडी चालवता चालवता व्हर्ना देवाशी मोठ्यानं बोलायला लागली. प्रार्थना अशी नव्हती ती. नुसतं, नको, नको, त्याचं नको.

दार सिग्नेनंच उघडलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं, मान टाकून.

"मावशी? तू कामावरून? काय झालं?"

"इकडे दे त्याला. खिडकीपाशी चल."

"आत्ता झोपलाय तो."

"सिग्ने, खिडकीपाशी चल म्हणते ना."

तो आवाज ऐकून सिग्ने मुकाट्यानं चालू लागली. दाराजवळच्या अंधारात बाळाचा चेहरा व्हर्नाला राखाडीच दिसला होता. खिडकीशी आल्यावर तिला खाली बघवेना. तिनं आधी बाहेरच्या चिखलाकडे बघितलं, मग एक श्वास घेतला आणि बाळाची मूठ उलगडली. पाचही नखं गुलाबी होती. तिनं दुसरी मूठ उघडली. तीही तशीच. खालचा ओठ अंगठ्यानं जरा दाबून सोडला. लाल. बाळानं तोंड वाकडं केलं आणि चांगलंच ठणठणीत भोकाड पसरलं.

"काल लशी टोचल्या त्याला," सिग्ने त्याला थोपटत म्हणाली. "म्हणून मलूल होता. टोबिन म्हणाला, मावशीचा फोन आला आणि मध्येच तुटला. सांगशील का आता?"

व्हर्ना तशीच स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला, पेल्यात पाणी घेतलं, पट्टी बुडवली आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. मिनिट कशाला, वीस सेकंदांतच पट्टी गुलाबी झाली. चाळिसाव्या सेकंदाला बिटासारखी लाल. एवढी गडद पट्टी तिनं चौदा महिन्यांत पाहिली नव्हती.

"तुमचं बोअर कोणी तपासलंच नाही," ती पट्टीकडे बघत म्हणाली. "मी तुला खोटं सांगितलं. मला खरं वाटत होतं, पण खोटं सांगितलं. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. हे विष आहे, सिग्ने. तू दहा आठवडे त्याला हे..." मग तिला एकदम वाटलं, या पाण्यावर वाढलेल्या बाळाची नखं गुलाबी कशी?

सिग्नेनं बाळ खांद्यावर सावरलं. मग तिनं कोठीच्या खोलीचं दार उघडलं. आत जमिनीवर भिंतीच्या कडेनं गॅलनचे प्लास्टिकचे कॅन ओळीनं लावले होते. दुकानातलं पाणी. वीस तरी असतील.

"मी त्याला नळाचं दिलंच नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. दर शनिवारी गावातून आणते."

व्हर्ना मटकन खुर्चीवर बसली. जिवात जीव आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. तिनं ते येऊ दिलं.

"मला सांगितलं का नाहीस?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"तुला वाईट वाटलं असतं. तू घरी यायचीस तेव्हा दार लावून घ्यायचे मी. टोबिनला पण सांगितलं होतं, मावशीपुढे फक्त उकळलेलं म्हणायचं."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तुझा."

सिग्नेनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ती कोणाला लागेल असं बोलणारी मुलगी नाही.

"तसं नाही गं. मी तुला विचारलं होतं, आमचं पाणी कसं आहे. तू मला यादीचं सांगितलंस. मी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, पाण्याचं काही ती बोललीच नाही."

व्हर्नानं मान डोलावली. वीस वर्षांत तिची एवढी साधी चूक कोणी काढली नव्हती, आणि तिच्या नाकाचा शेंडाही लाल झाला नाही.

"असं आणखी कोणाचं झालंय?" सिग्नेनं विचारलं.

"आणखी पाच घरं. सहावं आजचं, त्यांना पत्र अजून गेलेलं नाही."

"आणि या पाचांना?"

"गेलंय."

"त्यांना मावशी नाही कचेरीत," सिग्ने म्हणाली. "त्यांना नुसतं पत्रच." ती कोठीत गेली आणि दोन दोन कॅन उचलून व्हर्नाच्या गाडीत नेऊन ठेवायला लागली.

व्हर्नानं सिग्नेच्या घरच्या फोनवरून ऑरिनला गाठलं. तीन घरं आणि आजचं त्याच्या वाटेवर होती, ती त्यानं घेतली, वकिलांचं काय म्हणून विचारलंही नाही. उरलेली दोन तिनं घेतली. पहिलं होतं बावन्न नंबरचं. तिथे ऐंशीचा एक अविवाहित म्हातारा, कुत्र्यासोबत राहणारा. त्यानं पट्टी लाल झालेली बघितली आणि म्हणाला, "चाळीस वर्षं हेच पितोय, आता सवय मोडायची म्हणता?" व्हर्नाला हसू यायला हवं होतं. तिनं दोन कॅन ठेवले आणि निघाली. म्हाताऱ्याला काही होणार नव्हतं. पण पट्टी लाल होती. दोन घरं बघितली आणि दोन्हीकडे लाल.

सहाशे अकरा नंबरचं घर टेकडीच्या पायथ्याशी, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. कागदांत त्या घराच्या मालकाचं नाव एका म्हाताऱ्या जोडप्याचं होतं, म्हणून व्हर्नानं ते शेवटी ठेवलं होतं. अंगणात वळता वळता तिनं पाहिलं, पायऱ्यांपाशी बाबागाडी होती. तिला क्षणभर गाडीतून उतरताच येईना. घर विकलं गेलं असणार. कागद मागे राहिले असणार. तिनं पट्ट्या घेतल्या, कॅन घ्यायला विसरली, आणि पायऱ्या चढून दार ठोठावलं.

पंचविशीच्या एका मुलीनं दार उघडलं. हातात दुधाची बाटली, अर्धी भरलेली. व्हर्नाच्या गळ्यातलं खात्याचं ओळखपत्र वाचून ती हसली.

"टॉलेफ्सन. म्हणजे पत्रावर सही तुमचीच. या ना आत. बरं झालं आलात, मला आभारच मानायचे होते."

"कशाचे?" व्हर्नानं विचारलं. उत्तर नको होतं तिला.

"पाण्याचे हो. आम्ही डिसेंबरात राहायला आलो, तेव्हा पत्र फ्रिजवर लावलेलं होतं. तोवर आम्ही विकतचं पाणी आणायचो. पत्र वाचलं आणि बंद केलं. पैसे वाचले, आणि तिची काळजी पण मिटली." तिनं मागे बघितलं. "गुणी आहे हो माझी, चार महिन्यांची झाली. आज तर सकाळपासून रडलीच नाही."

आत कोपऱ्यातल्या पाळण्यात बाळ जागं होतं आणि हलत नव्हतं. व्हर्ना जवळ गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्या पोरीची मूठ उघडली. नखांचा निळा रंग बघायला या वेळी तिला खिडकीचा उजेड लागला नाही.

"बाटली खाली ठेव," ती आईला म्हणाली. "पोरीला कोट घाल आणि माझ्या गाडीत बस. आपण आत्ता दवाखान्यात जातोय. हे माझ्यामुळे झालंय, सगळं वाटेत सांगते."